सक्ती उठल्यावर मास्क कुठे काढला, कुठे नाही

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. बहुतेक ठिकाणची मास्कसक्ती त्याच्या कितीतरी आधीच उठली होती. नियम होता तोवर डोक्याला ताप नव्हता. दारावर पाटी, तोंडावर मास्क. पाटी निघाली आणि तोच निर्णय दिवसातून दहा वेळा आपला आपण घ्यायची वेळ आली. लिफ्टमध्ये घालायचा का? बैठकीत कोणीच घातला नसेल तर? दर वेळी दारात उभं राहून विचार करायचा म्हटलं की माणूस पंधरा दिवसांत कंटाळतो आणि मास्क खिशातच चुरगळून जातो. म्हणून आम्ही एकदाच बसून सगळं कागदावर उतरवलं. कसं ठरवलं, कुठे अंदाज चुकले आणि शेवटी काय उरलं, ते हे.

सक्ती लावताना आणि उठवताना सरकारं बघतात ती साथीचा वेग आणि रुग्णालयातल्या खाटा. सक्ती उठली म्हणजे खाटांवरचा ताण उतरला, एवढंच कळतं. तुम्ही ज्या खोलीत तीन तास बसणार आहात तिथल्या हवेबद्दल नियम आधीही काही सांगत नव्हता, आताही सांगत नाही. ते आपल्यालाच बघावं लागतं.

पहिल्या कागदावर घरातली माणसं लिहिली. अवयवरोपण झालेलं कोणी, केमोथेरपी चालू असलेलं कोणी, रिट्युक्सिमॅबसारखं औषध घेणारं (त्याने लशीला मिळणारा प्रतिसाद बराच खुंटतो), फार वय झालेलं, तान्हं बाळ. यातलं कोणी घरात असेल तर मास्क तुम्ही स्वतःसाठी घालत नसता आणि हिशेब एकदम कडक होतो. कोणीच नसेल तर यादी फार लहान होते. त्यात काही लाजण्यासारखं नाही. धडधाकट माणसांच्या घरात सगळीकडे मास्क घालत राहणं आम्हालाही गरजेचं वाटत नाही.

दुसऱ्या कागदावर आठवड्याचे तास लिहिले. जागा, तिथे घालवलेला वेळ, माणसं किती, खिडकी उघडते का, आणि तिथे मास्क मधेच काढावा लागतो का. हा शेवटचा रकाना सुरुवातीला नव्हता. तो नंतर घातला आणि त्यानेच सगळं गणित फिरवलं, त्याकडे पुढे येतो. तासांची बेरीज केल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की भीती आणि तास यांचा मेळ बसत नाही. उघड्यावरच्या गर्दीची धास्ती वाटत होती आणि तिथली हवा सतत बदलत होती. बंद दाराच्या बैठकीच्या खोलीची धास्ती वाटत नव्हती, कारण तिथे ओळखीची माणसं असतात.

खोली कोंदट आहे की नाही हे नाकाला नीट कळत नाही. पाच मिनिटांत नाक सरावतं. त्यासाठी कार्बन डायऑक्साइडचा मीटर लागतो. तो घेताना आत 'एनडीआयआर' (अवरक्त प्रकाशाने मोजणारा) किंवा प्रकाश-ध्वनी पद्धतीचा सेन्सर आहे का ते बघायचं. हलक्या प्रतीचे मीटर प्रत्यक्षात कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत, हवेतल्या इतर वाफांवरून अंदाज बांधतात. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. हाताला अल्कोहोलचं सॅनिटायझर लावायचं आणि हात मीटरजवळ न्यायचा. आकडा उसळला तर तो मीटर परत करायचा. खरा मीटर उघड्या हवेत ठेवला की ४२० च्या आसपास आकडा दाखवतो (पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग). फार फरक असेल तर उघड्यावरच त्याचं कॅलिब्रेशन करून घ्यायचं. मोजताना तो तोंडापासून हातभर तरी लांब हवा, आणि खोलीत शिरल्यावर पाचेक मिनिटं थांबून आकडा वाचायचा.

त्या आकड्याचा अर्थ एका भागाकारात लागतो. आपण सोडलेल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड साधारण ४०,००० पीपीएम असतो. खोलीत १,२२० दिसले, तर बाहेरचे ४२० वजा करून ८०० जादा. ८०० भागिले ४०,००० म्हणजे २ टक्के. त्या खोलीतला तुमचा दर पन्नासावा श्वास कोणीतरी आधी घेऊन सोडलेला आहे. २,४२० दिसले तर दर विसावा. हे एकदा डोळ्यांसमोर आलं की खिडकी उघडायला कोणाला समजावत बसावं लागत नाही.

खोलीतली हवा किती वेळात बदलते, तेही याच मीटरने काढता येतं. माणसं निघून गेल्यावर मीटर आत तसाच ठेवायचा. समजा तेव्हा १,४२० आहेत, म्हणजे जादा १,०००. हे जादाचे १,००० उतरून ३७० वर, म्हणजे मीटरवर ७९० वर, यायला जितका वेळ लागतो तितक्या वेळात हवा एकदा बदलली. तासभर लागला तर ती खोली वाईट. दहा मिनिटांत झालं तर उत्तम, तासाला सहा वेळा बदल. दार बंद ठेवून आणि दार उघडं ठेवून, दोन्ही आकडे घ्यावेत. नुसत्या दाराने पडणारा फरक पाहून आम्ही चाट पडलो होतो.

मीटर दोन ठिकाणी फसवतो. स्वयंपाकघरात गॅस चालू असला की माणसं नसतानाही आकडा चढतो. आणि हेपा फिल्टरचं यंत्र लावलेल्या खोलीत आकडा चढाच राहतो, पण हवेतले कण गाळले गेलेले असतात, कारण हेपा कण पकडतो, वायू पकडत नाही. हे सोडलं तर आमची पट्टी अशी आहे: ८०० च्या खाली मास्क नाही, ८०० ते १,२०० मध्ये तासापेक्षा जास्त बसायचं असेल तर मास्क, आणि १,२०० च्या वर सरळ मास्क. घरात नाजूक प्रकृतीचं माणूस असेल तर ८०० ची सवलतही नाही. हे आकडे कुठल्या कायद्यातले नाहीत, आमच्या सोयीचे आहेत. तुम्ही दोनशेने खालीवर करा, फक्त दारात उभं राहून बदलू नका.

मास्कचा उपयोग होतो की नाही या वादात लोक एकमेकांच्या तोंडावर अभ्यास फेकतात. बांगलादेशात सुमारे ६०० गावांमध्ये झालेली मोठी चाचणी घ्या. काही गावांत मास्क वाटले आणि लोकांना पुन्हा पुन्हा आठवण करून दिली. बाकीच्या गावांत नीट मास्क घालणारे १३ टक्के होते, इथे ते ४२ टक्क्यांवर गेले. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह झालेला आणि रक्ततपासणीत पक्का ठरलेला संसर्ग सुमारे ११ टक्क्यांनी कमी निघाला. हा आकडा एका गावात मास्क वाटले तर काय होतं याचा आहे, आणि तोही निम्म्याहून जास्त तोंडं उघडी असताना आलेला. नीट बसलेला मास्क घालून एक माणूस दोन तास कोंदट खोलीत बसला तर त्याच्या नाकात किती कण जातात, हा प्रश्न निराळा. त्याचं उत्तर मास्कच्या कापडात आणि कडेत आहे.

एन९५ म्हणजे मिनिटाला ८५ लिटर हवा खेचत असताना ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे किमान ९५ टक्के कण अडवणारं कापड. युरोपच्या एफएफपी२ मध्ये हा आकडा ९४ आहे आणि चाचणी मिनिटाला ९५ लिटरवर होते. व्यवहारात दोन्ही सारखेच. हे कापड चाळणीसारखं काम करत नाही. पॉलिप्रॉपिलीनच्या बारीक तंतूंमधली भोकं कणांपेक्षा मोठीच असतात, पण तंतूंवर कायमचा विद्युतभार दिलेला असतो आणि जवळून जाणारा कण ओढला जाऊन चिकटतो. म्हणूनच असा मास्क साबणाने धुतला किंवा त्यावर अल्कोहोल फवारलं की संपला. भार जातो, मास्क मात्र नव्यासारखाच दिसतो. सर्जिकल मास्कच्या मधल्या थरालाही हेच लागू. स्वच्छतेच्या हौसेने इतके मास्क बाद झालेत की विचारू नका.

आता फटीचा हिशेब. समजा कापड ९५ टक्क्यांचं आहे आणि शंभरातली दहा लिटर हवा गालाजवळच्या फटीतून आत येते. ती दहा तशीच आली, उरलेल्या नव्वदातले पाच टक्के म्हणजे साडेचार. एकूण १४.५. आता भारीतला ९९ टक्क्यांचा मास्क घ्या, फट तेवढीच ठेवा: १० अधिक ०.९, म्हणजे १०.९. आणि साधाच ९५ चा मास्क घेऊन फट दोनावर आणली तर २ अधिक ४.९, म्हणजे ६.९. फट असलेल्या भारी मास्कपेक्षा गच्च बसलेला साधा मास्क सरस. खरेदी करताना आम्ही टक्केवारीपेक्षा आकार बघायला लागलो ते इथून.

दुसरा हिशेब काढघालीचा, म्हणजे त्या शेवटच्या रकान्याचा. मास्कमधून दहा टक्के आत येतं असं धरा. तासभर घातला तर उघड्या तोंडाच्या सहा मिनिटांइतकं आत गेलं. त्याच तासात फक्त दहा मिनिटं काढला, तर १० अधिक ५, म्हणजे १५ मिनिटांइतकं. अडीचपट. चहाच्या दहा मिनिटांत जे आत गेलं ते उरलेल्या पन्नास मिनिटांच्या दुप्पट. मग ज्या खोलीत खाणंपिणं होणारच आहे तिथे आठ तास मास्क घालून कान दुखवून घेण्यात काय हशील? खाणं बाहेर उघड्यावर हलवलं तर मास्कचा उपयोग. नाहीतर तिथे खिडकी आणि हेपा यंत्रावर जोर द्यावा आणि मास्कचा नाद सोडावा. पाण्याचा एखादा घोट चालतो. मास्कमध्येच श्वास घेऊन रोखायचा, खालची कड उचलून घोट घ्यायचा, कड बसवायची आणि मग जोरात श्वास बाहेर सोडायचा.

घालण्याची रीत सांगतो, कारण नव्वद टक्के लोक इथेच चुकतात असं म्हणायचा मोह होतो (मोजलेलं नाही, पण आरशात बघा). वाटीसारखा एन९५ तळहातावर घ्यायचा, नाकपट्टी बोटांच्या टोकांकडे, दोन्ही पट्टे खाली लोंबते. आधी हनुवटी आत, मग नाक. वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंचावर, खालचा कानांखालून मानेवर. पट्टे एकमेकांवरून तिरपे जाऊ द्यायचे नाहीत. नाकपट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी, मधून बाहेर दाबत न्यायची. एका हाताच्या चिमटीने दाबली की मधे टोक येतं आणि दोन्ही बाजूंना तंबूसारखी फट राहते. चष्मा सगळ्यात शेवटी.

मग तपासणी. दोन्ही तळवे मास्कवर हलके ठेवून जोरात श्वास सोडायचा. डोळ्यांच्या पापण्यांवर, गालावर किंवा हनुवटीखाली वारा लागता कामा नये. मग खोल श्वास घ्यायचा. मास्क किंचित आत ओढला गेला पाहिजे. चष्म्यावर वाफ धरली तर नाकाजवळ गळती आहे हे नक्की. वाफ धरली नाही म्हणजे गळती नाही असं मात्र नव्हे, हनुवटीची फट चष्म्याला कळत नाही.

याहून पक्की चाचणी सॅकरिनची. डोक्यावर पारदर्शक टोपडं घालतात, आत सॅकरिनचा फवारा मारतात. आधी मास्कशिवाय, अगदी पातळ द्रावणाने, चव मुळात कळते का ते बघायला. मग मास्क घालून एकेक मिनिटाच्या सात क्रिया: साधा श्वास, खोल श्वास, मान डावीउजवीकडे, मान वरखाली, बोलणं, वाकणं, पुन्हा साधा श्वास. मधे कुठेही जिभेला गोड लागलं की मास्क नापास. चाचणीआधी पंधरा मिनिटं पाण्याशिवाय काही खायचंप्यायचं नाही. पाच मिनिटं स्वस्थ बसून उत्तम वाटणारे मास्क नेमके बोलताना नापास होतात, कारण जबडा खाली गेला की मास्क नाकावरून घसरतो. ज्यांना दिवसभर बोलावं लागतं त्यांना होडीच्या आकाराचा कोरियन केएफ९४ पद्धतीचा मास्क पुष्कळदा जमतो. समोर जागा असते, जबडा हलला तरी कड हलत नाही. ज्याच्या त्याच्या चेहऱ्यावर अवलंबून, म्हणून तीन आकारांचे एकेक आणून बघणं बरं.

दाढी असेल तर हे सगळं फुकट. कडेखाली दोन दिवसांची खुंटं आली तरी गळती वाढते. मिशी मास्कच्या आत मावत असेल तर हरकत नाही.

घरात फक्त सर्जिकल मास्क असेल तर कानाच्या रबराला मास्कच्या अगदी कडेशी गाठ मारायची आणि बाजूला उरलेली चुणी आत दुमडायची. बाजूचे दोन मोठे बोगदे बंद होतात. एन९५ ची बरोबरी होत नाही, पण दिसायला तोच असलेल्या मोकळ्या मास्कपेक्षा पुष्कळ बरं.

अस्सल एन९५ ला पट्टे डोक्यामागून जातात. कानात अडकवायचा 'एन९५' दिसला की संशय घ्यावा. त्यावर टीसी-८४ए ने सुरू होणारा मान्यता क्रमांक असतो. एफएफपी२ वर सीई हे युरोपचं प्रमाणचिन्ह आणि त्यापुढे चार आकडी क्रमांक असतो. नुसतं सीई असेल तर घेऊ नका. 'एनआर' अक्षरं म्हणजे एका पाळीपुरता. सामान्य वापरात आम्ही तसं काटेकोर पाळत नाही. रोज तासदोन तास वापरलेला मास्क कागदी पिशवीत घालून पाच दिवस बाजूला ठेवतो, पिशव्यांवर वारांची नावं. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते. उन्हात वाळत घालू नये, रबर आणि कापड दोन्ही खराब होतं. मास्क बाद होतो तो बहुतेक वेळा रबरामुळे, कापडाची वेळ येण्याआधीच. सोडलेल्या श्वासाची तपासणी नापास झाली, की टाकला.

झडपेच्या मास्कबद्दल एकच. तो घालणाऱ्याला वाचवतो, पण सोडलेला श्वास झडपेतून न गाळता बाहेर जातो. रुग्णालयात आणि स्वतः आजारी असताना तो नको.

इतकं सगळं झाल्यावर यादी उरली ती अशी. रुग्णालय, दवाखाना, प्रयोगशाळा: कायम, मीटर काढायचीही गरज नाही. तिथे आजारी माणसं येतात आणि नाजूक माणसंही तिथेच बसलेली असतात. प्रवासात मीटरची पट्टी. विमानात उलटं होतं. उंचीवर गेल्यावर हवा तासाला वीसतीस वेळा बदलते आणि आत फिरणारी हवा हेपातून जाते, तर चढताना, उतरताना आणि जमिनीवर ताटकळताना हवा बंद किंवा मंद असू शकते. लोक नेमके आकाशात मास्क घालून बसतात आणि रांगेत काढतात. कधी काढायचाच असेल तर उलट करा.

आजारपणाचा नियम सगळ्यांना सारखा ठेवला, धडधाकट घरालासुद्धा. घसा खवखवला की त्याच क्षणी मास्क, घरातही. लक्षणं दिसायच्या एकदोन दिवस आधीपासूनच संसर्ग पसरू शकतो, त्यामुळे 'उद्या बघू' म्हणण्याइतका वेळ हातात नसतो. अँटिजन चाचणी पहिल्या दिवशी निगेटिव्ह आली तर तिच्यावर विसंबायचं नाही, ४८ तासांनी पुन्हा. पाच दिवस वेगळं, दहाव्या दिवसापर्यंत माणसांत मास्क. हे कोविडपुरतं नाही, फ्लूलाही चालतं. साथीच्या काळातल्या एकूण अंतरामुळे फ्लूची काय अवस्था झाली ते पाहा: फ्लूच्या विषाणूंपैकी इन्फ्लुएन्झा बी चा यामागाता वंश मार्च २०२० नंतर जगात खात्रीने कुठेच सापडलेला नाही. त्याचं श्रेय एकट्या मास्कला देता येत नाही, पण ऐकून बरं वाटतं.

माणसांचा प्रश्न हवेपेक्षा अवघड निघाला. 'अजून घालता?' याला लांब उत्तर दिलं की वाद होतो. 'घरी आजारी माणूस आहे' एवढं पुरतं. आजारी कोणी नसेल तर 'सवय' म्हणावं आणि विषय बदलावा. ओठ वाचून समजून घेणाऱ्या माणसाशी बोलताना मास्क खाली ओढून जवळ जाण्यापेक्षा दोघांनी खिडकीशी किंवा बाहेर जावं आणि तिथे पूर्ण काढावा. हनुवटीवर ओढलेला मास्क कोणाच्याच कामाचा नाही. तो परत वर चढवला की नाकपट्टी वाकडी झालेली असते.

कागद दर सहा महिन्यांनी पुन्हा काढतो, किंवा घरात कोणाचं औषध बदललं की लगेच. मागच्या खेपेला लिफ्ट खोडली. वीस सेकंदांसाठी मास्क बसवायलाच वीस सेकंद जातात आणि घाईत तो बसतही नाही. तपासणीच्या खोलीबाहेरची रांग राहिली. बैठकीची खोली मात्र अर्धीच खोडली आहे: दार उघडं असेल तर नाही, आणि दाराखाली सारायला लाकडाची पाचर आता मीटरच्याच पिशवीत असते.